हूटर कशासाठी वाजवायचा? निपाणीच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सबस्टेशनमधल्या रिलेच्या (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडायला लावणाऱ्या उपकरणाच्या) अलार्मवरचा माझा लेख वाचून तुम्ही निपाणीहून सडेतोड लिहिलंत, बरं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरवर चालणारा) रिले जेवढे अलार्म देतो तेवढे सगळे हूटरवर, म्हणजे कंट्रोल रूमच्या भोंग्यावर घ्यावेत, आणि अलार्मला टाइम डिले लावणं म्हणजे दोष झाकणं. "असले सल्ले देऊन पोरांना आळशी करू नका," असंही वर लिहिलंत.

आळशीपणाचं राहू द्या. डिलेचं आधी बोलू. ट्रिप सर्किट सुपरव्हिजन घ्या. ब्रेकर उघडणाऱ्या ट्रिप कॉइलच्या वाटेने अगदी बारीक करंट सोडून ती वाट शाबूत आहे ना, हे रिले बघत असतो. खरा फॉल्ट आला, ट्रिप कॉन्टॅक्ट मिटला, की तोच कॉन्टॅक्ट बघणाऱ्या इनपुटला शॉर्ट करतो. क्षणभर त्याला काही दिसत नाही. डिले शून्य ठेवलात तर नीट झालेल्या ट्रिपबरोबरही "ट्रिप सर्किट खराब" अशी बोंब उठू शकते. ब्रेकर उघडून कॉन्टॅक्ट सुटायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ द्या, अर्धा-एक सेकंद, भागलं. तुटलेली वायर सेकंदानंतरही तुटलेलीच असते की! झाकलं काय गेलं?

अंडरव्होल्टेजचंही तेच. चिक्कोडी-अथणीकडे साखर कारखान्यात गाळपाच्या दिवसांत मोठी मोटर सुरू होताना 11 केव्ही बसचं (सगळे फीडर जिथून निघतात त्या पट्ट्यांचं) व्होल्टेज काही सेकंद बसतं. तेवढ्यासाठी दर वेळी हूटर वाजला तर ऑपरेटर विंडो (अलार्मचं कारण लिहिलेला दिवा) न वाचताच ॲक्सेप्ट दाबायला शिकतो. हे मी अलार्मबद्दल बोलतोय. ट्रिपच्या सेटिंगला हात लावा असं लेखात कुठेही नाही.

आता "सगळे हूटरवर". 24 जुलै 1994 रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीत स्फोट झाला. त्या दिवशीच्या गोंधळाची सुरुवात विजांच्या वादळातून झाली होती, आपल्याकडे वळवात होतात तसल्याच. स्फोटाआधीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले. कळवायचं काहीच राहिलं नव्हतं, आणि कळलंही काही नाही.

म्हणून माझी चाळणी साधी आहे: माणसाने उठून काही करायचं असेल तरच हूटर. ब्रेकरमधला एसएफ-6 गॅस कमी झाला, तर ब्रेकर लॉकआउट होण्याआधी (म्हणजे त्याचं काम अडवलं जाण्याआधी) गॅस भरायला वेळ मिळतो. बुकोल्झची (ट्रान्सफॉर्मरच्या तेलातला गॅस पकडणाऱ्या रिलेची) पहिली स्टेज, डीसी (बॅटरी सप्लायचा) अर्थ फॉल्ट, पीटीचा (व्होल्टेज मोजायच्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज, हे सगळे हूटरवर. पिकअप (सेटिंग ओलांडल्याची रिलेची चाहूल) येऊन गेला, सेटिंग ग्रुप बदलला, कुणी लॅपटॉप जोडला, हे इव्हेंट लॉगमध्ये. तिथे ते मिलिसेकंदासकट नोंदलं जातं, फक्त रिलेचं घड्याळ सिंक केलेलं हवं. ते नसेल तर लॉग आणि पंचांग सारखंच.

एका बाबतीत मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर: पन्नास कारणं एकाच "रिले अलार्म" दिव्यावर गोळा करणं हा निव्वळ कामचुकारपणा आहे. ऑपरेटरला पॅनेलजवळ जाऊन एलसीडीची बटणं दाबत बसावं लागतं. विंडोवर फीडरचं नाव आणि कारण दोन्ही हवं.

तुमच्या प्रतिक्रियेत वॉचडॉगचा (रिले स्वतः जिवंत आहे ना, हे सांगणाऱ्या कॉन्टॅक्टचा) उल्लेखच नाही, आणि मला खरी काळजी त्याची. रिले ठणठणीत असताना वॉचडॉगची कॉइल उचललेली असते. रिले मेला किंवा त्याची डीसी गेली की ती पडते. त्यामुळे अलार्म एनसी (कॉइल पडली की मिटणाऱ्या) कॉन्टॅक्टवरूनच घ्यावा लागतो. हे बहुतेक जण करतात. पण अनन्सिएटरलाही (विंडो आणि हूटर चालवणाऱ्या यंत्रालाही) रिलेच्याच एमसीबीवरून (छोट्या ब्रेकर-स्विचवरून) डीसी दिली, तर एमसीबी पडताच रिलेही गप्प आणि सांगणाराही गप्प. पुढचा फॉल्ट मग मागचा (सप्लायच्या बाजूचा) ब्रेकर उडवून अख्खा सेक्शन अंधारात घालतो.

तुमच्याकडे काय आहे ते नुसतं ड्रॉइंगवर बघू नका. रीतसर शटडाउन घ्या, रिलेची एमसीबी पाडा, आणि हूटर वाजतो का ते इथेच खाली कळवा.