मुळ्याचा पाला आणि कुपन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोव्यातल्या गरीब म्हाताऱ्यांना ताज्या भाजीची कुपनं द्यावीत, असं मी सुचवलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की, गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे म्हाताऱ्यांना महिन्याला २,००० रुपये मिळतात, हॉर्टिकल्चरच्या, म्हणजे सरकारी फलोत्पादन महामंडळाच्या, गाड्यावर भाजी स्वस्त असते, घरामागे परस असतं. मग गरीब म्हाताऱ्यांना भाजीची कुपनं द्यायचं हे अमेरिकेचं खूळ गोव्यात कशाला?

खूळ अमेरिकेचंच, कबूल. तिथे २००१ पासून ६० वर्षांपुढच्या गरिबांना शेतकऱ्यांच्या बाजारात चालणारी कुपनं देतात. त्यांवर फळं, भाजी, मध मिळतो. डबाबंद काही नाही. मला भावलं ते इतकंच.

आता ते दोन हजार. आमच्या शेजारच्या आजी एकट्या राहतात. आधी गोळ्या, मग वीजबिल, गॅस. रेशनवर धान्य मिळतं, भाजी नाही. गाडा आहे, पण चढावापलीकडे, आणि तिथली बरीचशी भाजी बेळगावची. कोबीचा गड्डा एकट्या बाईला आठवडाभर संपत नाही. त्यांना हवी असते तांबड्या भाजीची एक जुडी, नाहीतर वांग्यांचा लहानसा वाटा. तो मिळतो म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, कोणी जाणारं भेटलं तर. परवा डोकावले तर ताटलीत पेज आणि लोणच्याची फोड. परस आहे हो. पण माकडं काही ठेवत नाहीत आणि कळशी ओढायला खांदा चालत नाही. पावसात तायखिळा (टाकळ्याची रानभाजी) फुकट उगवतो, म्हणालात. उगवतो की! खुडायला वाकावं लागतं.

एका प्रश्नाने मात्र तुम्ही मला गप्प केलंत : भाजीवालीला कुपनाचे पैसे कधी मिळणार? हे मी लिहायलाच हवं होतं. म्हापशात पोतं अंथरून जुड्या मांडणाऱ्या कितीतरी बायका स्वतःच साठीपुढच्या. तीन महिने बिल अडकणार असेल तर त्या कुपनाला हात लावणार नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. कुपन त्याच संध्याकाळी पंचायतीत वटलं पाहिजे. ते जमत नसेल तर माझी सूचना मी मागे घेते.

आणि भाजी दारापर्यंत आणायची कोणी, तेही राहिलंच. गावातल्याच भाजी लावणाऱ्या बचत गटातल्या बायकांना वाटेवरच्या दोन घरी जुडी टाकायला सांगून बघणार आहे.

आजींना विचारलं, कुपन मिळालं तर काय घ्याल? म्हणाल्या, ''मुळा. पाल्यासकट. गाड्यावर पाला तोडलेला असतो.''