लॉटरी खरंच लागली तर आधी पैसे भरावे लागत नाहीत

"लॉटरीचं गुपित, शेतकरी बांधवांनी जरूर वाचा" असा एक लांबलचक मेसेज सध्या आमच्या यवतमाळकडच्या गावांतल्या ग्रुपवर फिरतो आहे. फिरत फिरत तो माझ्या मोठ्या मामांपर्यंत पोचला. कापसाचा चुकारा नुकताच खात्यात जमा झालेला, आणि मामा फोनवर विचारतात, "बारा हजार फाईल चार्ज मागून राह्यले, भरू का?"

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: मोबाईल नंबरांचा सरकारी ड्रॉ निघाला, त्यात तुम्हाला २५ लाख लागले. रक्कम सोडवायला जीएसटी आणि फाईल चार्ज आधी भरा. परदेशी लॉटरीत तर याहून जास्त पैसा आहे, स्पेनमध्ये शेतकऱ्यांचं अख्खं गाव श्रीमंत झालं. आणि सोबतच्या तक्त्यावरून उद्याचा आकडा आजच कळतो.

"आधी भरा" हेच पहिले घेतो, कारण माणूस तिथंच नागवला जातो. लॉटरीसाठी देशात १९९८ चा कायदा आहे. त्याचं कलम ४ कुणीही काढून वाचावं. तिकिटं राज्य सरकारनं छापायची, त्यावर सरकारचं चिन्ह हवं, ड्रॉ सरकारनंच काढायचा आणि तोही त्याच राज्यात. मोबाईल नंबरावर बक्षीस काढायची सोय त्यात कुठंच नाही. तुम्ही तिकीटच घेतलं नाही, तर बक्षीस लागेल कशाला?

जीएसटी लागतो तो तिकिटाच्या विक्रीवर. बक्षीस लागलेल्या माणसाकडून तो कुणी मागत नाही. त्याला लागतो आयकर, ३० टक्के आणि वर सेस. दहा हजारांपुढच्या बक्षिसातून हा कर देणाराच कापून घेतो आणि उरलेली रक्कम देतो. विजेत्यानं आपल्या खिशातून आधी काही भरायचं नसतं. मामांना आलेल्या सर्टिफिकेटवर अशोकस्तंभ होता, गोल शिक्का होता, कुण्या मॅनेजरची सही होती. खालचा क्यूआर कोड स्कॅन केला तर एका खासगी माणसाच्या खात्याचं नाव आलं. सरकारचा कर असा कुणाच्या घरच्या खात्यात जातो का? पहिले बारा हजार गेले की मग टीडीएस म्हणजे कापायच्या कराच्या नावानं, मग बँकेच्या एनओसीच्या म्हणजे ना-हरकत पत्राच्या नावानं, मग आणखी काही. चुकारा संपेपर्यंत हे मागत राहतात.

स्पेनची गोष्ट मात्र खरी आहे, ते मान्य करावं लागेल. सोदेतो नावाचं शेतकऱ्यांचं छोटं गाव, २०११ ची नाताळाची लॉटरी. गावातल्या महिला मंडळानं एकाच नंबराचे हिस्से घरोघर विकले होते, तोच नंबर पहिला आला, म्हणून जवळपास सगळ्या घरांना पैसे मिळाले. पण मेसेज पुढचं सांगत नाही. ही लॉटरी १८१२ पासून चालते. त्यात एक लाख नंबर असतात आणि विक्रीतले ७० टक्के बक्षिसांत वाटले जातात. म्हणजे घेणारे सगळे मिळून दरवर्षी ३० टक्के गमावतातच. अमेरिकेच्या पॉवरबॉल लॉटरीमध्ये पहिलं बक्षीस लागायची शक्यता २९ कोटी २२ लाखांत एक. २०११ च्या जनगणनेत आपला महाराष्ट्र ११ कोटी २४ लाखांचा होता. अडीच महाराष्ट्रांतून एक माणूस निवडायचा, असा तो हिशोब. शिवाय लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून बाहेर पैसे पाठवायला परकीय चलनाच्या २००० च्या नियमांत सरळ मनाई आहे. परदेशी लॉटरीसाठी मेसेजमधल्या लिंकवर पैसे टाकणारा फसतो आणि वर नियमही मोडतो.

तक्त्याबद्दल फार लिहायची गरज नाही. ड्रॉ सरळ असेल तर काल आलेल्या आकड्याचा आजच्या आकड्याशी काही संबंध नसतो. एका आकड्यावर किंवा आधी जाहीर केलेल्या नंबरावर बक्षीस ठेवायला त्याच कलम ४ नं बंदी केली आहे. "फिक्स आकडा" म्हणून जे विकतात ती लॉटरी नव्हे, वरली मटका म्हणजे आकड्यांचा बेकायदा जुगार आहे. या सट्टापट्टीनं किती घरं बसली ते गावात सगळ्यांना माहीत आहे.

सरकारी लॉटरी खोटी आहे असं मी म्हणत नाही. केरळची १९६७ पासून आणि महाराष्ट्राची १९६९ पासून आहे. ज्याला घ्यायचं त्यानं दुकानातून छापील तिकीट घ्यावं, निकाल स्वतः पाहावा.

मामांनी पैसे भरले नाहीत. कुणी भरले असतील तर लाजेपायी गप्प बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मेसेज आणि व्यवहाराचा नंबर पुसू नका. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे वाटेत अडवायची शक्यता जास्त.