वाहून गेलेला पूल पुन्हा बांधताना

मुळशी-वेल्ह्याकडच्या डोंगरात पुराने पूल नेला असेल, तर आधी भूमिपूजन उरका, मोजमाप सवडीने होईल. पूरपातळी गावातल्या म्हाताऱ्यांना मुळीच विचारू नका. "पाणी देवळाच्या पायरीला लागलं होतं" म्हणतील आणि पूल मीटरभर उंच करायला लावतील. सेकंदाला 300 ते 3000 घनमीटर पाणी येणार असेल, तर पूरपातळीच्या वर गर्डरखाली (पुलाच्या आडव्या तुळईखाली) 1.2 मीटर मोकळे सोडावे, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम आहे. पण नियमाला कधी झाडाचा ओंडका येऊन धडकलाय?

खांब उंच असले की फोटो छान येतो. नदी मात्र खालून काम करते. खांबाच्या बुडाशी भोवरा धरून गोटे-वाळू उपसते, आणि पूर ओसरताना तो खड्डा स्वतःच गाळाने बुजवते. त्यामुळे पाहणी एप्रिलमध्येच ठेवा, सगळे ठाकठीक दिसते. कठीण खडक लागला तर पाया त्यात किमान 0.6 मीटर रुतवायचा असतो. मोठा धोंडा लागला की "खडक लागला" असे लिहून मोकळे व्हा. खालचा थर तपासायला बोअर घ्यायचाच तर एक, तोही काठावर, जीप पोचते तिथे. जुन्या पुलाचे तुकडे पात्रातच राहू द्या. प्रवाह वळून थेट तुमच्या नव्या खांबावर येईल.

काँक्रीटची गाडी घाट चढून येईपर्यंत माल घट्ट होतो. ड्रममध्ये खुशाल पाणी सोडा, फक्त तपासणीचे क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुना-ठोकळे, त्याआधी भरून घ्या, म्हणजे रिपोर्ट उत्तम येतो. चौदा दिवस पाणी मारणे? गोणपाट अंथरा, फोटो काढा, गोणपाट पुढच्या साइटला पाठवा.

पूल तरी टिकेल, पण दोन्ही टोकांचा भराव? तिथे मुरूम ओता, रोलर एकदा फिरवा. भरावाच्या उतारावर रचलेल्या पिचिंगच्या दगडांखाली माती अडवणारा फिल्टरचा थर घालू नका, तो कुणाला दिसतो? पहिल्याच मोठ्या पावसात माती दगडांच्या फटींतून निघून जाईल, रस्ता खचेल आणि पूल नदीत एकटाच उभा राहील. दुरुस्तीचे टेंडर वेगळे निघते, हे विसरू नका.

शेवटी "पूल धोकादायक आहे" ही पाटी. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा लोखंडी पूल माणसांसकट इंद्रायणीत कोसळला. धोक्याची पाटी तिथेही होती. तुम्ही ती उद्घाटनाच्या दिवशीच लावून टाका. आणि तिचा खांब तेवढा खडकात नीट गाडा.