ओरिजिनल पार्ट नाही, म्हणून पियानो भंगारात?

जुन्या पियानोंबद्दल एक मेसेज फिरतोय: 'कंपनीचे ओरिजिनल पार्ट मिळत नसतील तर पियानो भंगारात द्या. तार तुटली की संपलं, खुंटी सैल म्हणजे लाकूड गेलं. कारागिराच्या जुगाडाने वाद्य कायमचं बाद होतं.' यातला एकेक दावा सुटा करून पाहू.

'ओरिजिनल पार्ट.' झाकणावर नाव एका कंपनीचं असलं, तरी हातोड्यांची यंत्रणा तिचीच असेल असं नाही. युरोपातले कितीतरी पियानोवाले ती पॅरिसच्या श्वांडरकडून किंवा श्टुटगार्टच्या रेनरकडून (स्थापना १८८२) तयार घेत. मग ओरिजिनल कुणाचं म्हणायचं?

'तार तुटली की संपलं.' हे तर साफ चूक. तांब्याचा वेढा असलेली खर्जाची तार पुष्कळदा खुंटीजवळ तुटते, म्हणजे जो तुकडा वाजतच नाही तिथे. त्या जागी पोलादी तारेचा तुकडा गाठ मारून जोडतात. गाठ आवळेपर्यंत सूर उतरत राहतो, तो पुन्हा पुन्हा लावावा लागतो. पण वाजते ती जुनीच तार, शेजारणींशी जुळणारी. कोरी तार उलट एकटीच झळाळून वेगळी पडते. काहीजण सतारीची तार सुचवतात, ती मात्र नको. ती जेमतेम ०.३ मिमी, आणि पियानोची बारीकात बारीक तार पाऊण मिमीच्या आसपास. तेवढ्याच लांबीत तोच सूर लावला तर ताण साधारण सहावा हिस्साच येणार. आवाज कसला, नुसती किणकिण!

'खुंटी सैल म्हणजे लाकूड गेलं.' आधी भोकात सँडपेपरची पट्टी घालून बघा, नाहीतर एका नंबराने जाड खुंटी ठोका. पातळ सुपरग्लू खुंटीच्या बुडाशी थेंबथेंब मुरवणं हाही आता ट्यूनर मंडळींचा मान्य उपाय आहे. खुंट्यांची फळीच चिरली असेल, तर यातलं काही चालत नाही.

हातोडीची दांडी मोडली? तिरका मोड असेल तर सरस आणि दोऱ्याचे वेढे पुरतात.

जुगाडाने वाद्य बिघडतं, हे एका बाबतीत मात्र खरं. पावसाळ्यात पट्टी जड झाली की लोक डब्ल्यूडी-४० मारतात. मुळात फुगलेलं असतं ते हातोडीच्या यंत्रणेच्या सांध्यातल्या सव्वा मिमीच्या पिनेभोवतीचं लोकरी अस्तर. तेलाने दोन दिवस बरं वाटतं, मग त्यात धूळ बसून चिकटा होतो, आणि ओघळ खुंट्यांपर्यंत गेला तर त्याही सुटतात. तिथे पाणी घातलेल्या स्पिरिटचा एखादा थेंब टाकून वाळू द्यावा, अस्तर आक्रसतं.


बिडाची चौकट तडकली असेल, तर भंगारवाल्याला बोलवायला माझीही हरकत नाही.