मॅच न चुकवता बहिष्कार कसा टाकावा

भावा, फुटबॉलचा वर्ल्डकप आला की पेठेत झेंडे आणि तत्त्वं एकदमच बाहेर पडतात. झेंड्याला शिडी लागते, दोरी लागते, वर समोरच्या गल्लीतल्या ब्राझीलवाल्यांपेक्षा हातभर उंच बांधायला लागतो. तत्त्वाला नेटपॅक पुरतो, तेव्हा सुरवात तिथनं कर.

बहिष्कार स्टेटसवर टाकायचा, टीव्हीवर न्हाई. २०२२ च्या कतार वर्ल्डकपच्या वेळी साहित्य भरपूर होतं. कफाला पद्धतीत मालकाच्या परवानगीशिवाय कामगाराला नोकरी बदलता येत नव्हती, आणि २०१० ला यजमानपद मिळाल्यापासनं भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंकेची साडेसहा हजारांवर माणसं तिथं मेली असं गार्डियन या ब्रिटिश पेपरनं २०२१ मध्ये छापलं. कट्ट्यावर कोणतरी म्हणणारच की ती सगळी स्टेडियमच्या कामावर नव्हती. बरोबर आहे त्याचं. तरी वाद घाल, हाफटाइम आरामात निघतो.

तत्त्व किती ताणायचं हे युरोपवाल्यांकडनं शिक. सात संघांचे कॅप्टन दंडाला समलिंगींच्या हक्कांसाठीची 'वन लव्ह'ची पट्टी बांधून उतरणार होते, फिफा म्हणालं पिवळं कार्ड दाखवू, झालं, पट्ट्या बॅगेत. आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर थ्रो-इन कुणाचा एवढ्यावरनं पोरं पिवळं कार्ड अंगावर घेत्यात, पण ती अडाणी, त्यांना मानवी हक्क कुठं ठाऊक. जर्मनीनं निदान, आमचं तोंड बंद केलं म्हणून, फोटोत तोंडावर हात ठेवले आणि मग जपानकडनं २-१ हरले. म्हणून सांगतो, निषेध मॅच जिंकल्यावर करावा.

तू अर्जेंटिनावाला असशील तर १९७८ चा त्यांच्याकडं झालेला वर्ल्डकप काढायचा न्हाई. तेव्हा तिथं लष्कराचं राज्य होतं, फायनलच्या स्टेडियमपासनं चालत जाण्याइतक्या अंतरावर नौदलाच्या शाळेत माणसं कोंडून त्यांचा छळ चाललेला, आणि गोल झाल्याचा गलका आत त्यांना ऐकू यायचा. कुणी विचारलंच तर सांग, मेस्सी तेव्हा जन्मलापण नव्हता.

क्रिकेटवाल्यांनी ऑस्ट्रेलियाचा कित्ता गिरवावा. तालिबाननं बायकांचे हक्क काढून घेतले म्हणून त्यांनी मार्च २०२३ ची अफगाणिस्तानबरोबरची मालिका रद्द केली, लई भारी वाटलं, आणि नोव्हेंबरात वानखेडेवर त्याच अफगाणिस्तानला मॅक्सवेलनं २०१ मारले. मालिकेत तत्त्व, वर्ल्डकपमध्ये पॉइंट. नाद खुळा!

फक्त १९७४ ची टेनिसची डेव्हिस कप फायनल कुणापुढं काढू नको. आपला संघ फायनलला पोचलेला, अमृतराज बंधू संघात, समोर वर्णभेदवाली दक्षिण आफ्रिका, आणि भारत म्हणाला आम्ही खेळत न्हाई. कप न खेळता त्यांना गेला. असल्या बहिष्कारात आपल्याच हातातलं जातंय, हे पोरांच्या कानावर पडलं तर उद्या विचारतील, आपण काय सोडलं?

असो. २०३४ चा वर्ल्डकप फिफानं सौदीला देऊन टाकलाय, डिसेंबर २०२४ मध्ये, दावेदार एकच, मतदान कसलं, टाळ्या वाजवून. निषेधाचा मजकूर कतारवाला चालेल, तेवढं देशाचं नाव बदल. कटआउटला मात्र मेस्सी मिळायचा न्हाई, त्यामुळं मंडळाची मीटिंग लवकर घ्यायला लागणार.