मालक, कारखाना फॉरेनला टाकायचा म्हणताय? टाकाच!

कर्नाटकात जातो, कर्नाटकात जातो म्हणून सरकारला धमक्या देऊन कंटाळा आला असेल, विजेचा दर काय उतरला नाही आणि सीमेपलीकडं निपाणीपर्यंत गेलेली गाडी तिथला चहा पिऊन परत कोल्हापूरला शिरोलीच्या एमआयडीसीत आली असेल, तर मालक आता मोठा विचार करायची वेळ झाली. डायरेक्ट फॉरेन. फौंड्री, म्हणजे आपला ओतकामाचा कारखाना, टाकायची तर समुद्रापलीकडं. उद्यमनगरात चारचौघांत "आमचं एक युनिट बाहेर पण आहे" एवढं बोलायला मिळालं तरी अर्धा खर्च वसूल होतोय, उरलेला अर्धा बँकेचा, त्याचं टेन्शन बँक घेईल.

देश कुठला निवडायचा यात डोकं लावत बसू नका. उद्योजकांचं शिष्टमंडळ कुठं निघालंय ते बघायचं आणि त्यात नाव घालायचं. चार दिवस साइटसीइंग, शॉपिंग, आणि शेवटच्या दिवशी इंडस्ट्रियल पार्कात जाऊन गुळगुळीत रस्त्यावर उभं राहून ग्रुप फोटो. तिथल्या मंत्र्याबरोबर जेवण झालं तर देश फायनल समजा. पाहणी अहवालात "मटणाला आपल्याकडची चव नाही" एवढा एकच शेरा आला तरी चालतोय.

घरातला एमबीए झालेला पोरगा म्हणेल, पप्पा रँकिंग बघूया. बघा की. जागतिक बँक 'डुइंग बिझनेस' नावाची यादी काढायची, कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं त्याची. मग २०१८ आणि २०२० च्या आकड्यांत गडबड सापडली आणि २०२१ मध्ये बँकेनंच ती यादी बंद केली. पण जुनी यादी नेटवर आहे राव, प्रिंट काढून केबिनमध्ये फ्रेम करून लावायला कोण अडवतंय?

आता पगार. देश स्वस्त पायजे, बाकी सगळं नंतर. इथिओपियाचंच बघा. २०१६ मध्ये तिथल्या हवासा शहरात चिनी कंपनीनं झटक्यात इंडस्ट्रियल पार्क बांधून दिलं, कपड्याचे मोठमोठे ब्रँड आले, आणि कामगाराचा सुरुवातीचा मूळ पगार महिना २६ डॉलरच्या आसपास! ऐकूनच मालकांना उचकी लागली असणार. त्या पगारात माणसानं खोलीभाडं देऊन जेवायचं काय हा प्रश्न कामगारांना पडला, मालकांना पडला नाही, त्यामुळं पोरी यायच्या, काम शिकायच्या आणि सोडून जायच्या. तुमच्या मोल्डिंग लाइनला असं झालं तर काय, हे विचारू नका, मूड जातो. बंदर कुठाय ते पण विचारू नका. १९९३ ला इरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा समुद्रच गेला, आता माल शेजारच्या जिबुतीच्या बंदरातून, हजारेक किलोमीटर लांब. इथं पंचगंगा शिरोलीजवळ हायवेवर आली की तुम्ही कस्टमरला पाण्याचे फोटो पाठवून वेळ मारून नेता, तिथं जिबुतीचे फोटो पाठवा, माणसं समजून घेतात. घड्याळाची मजा तर वेगळीच. तिथं दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि वर्षाला महिने तेरा (शेवटचा पाच-सहा दिवसांचा). त्या पाच दिवसांचा पगार कसा काढायचा यावर तुमचा अकाउंटंट दोन शिफ्ट डोकं धरून बसेल, बसू दे. खरी गोम पुढं आहे. ही सगळी गणितं अमेरिकेच्या 'अगोआ' सवलतीवर उभी होती, म्हणजे यादीत असलेल्या आफ्रिकी देशांतनं गेलेल्या बऱ्याच मालाला तिकडं ड्यूटी नसायची. इथिओपियाच्याच टिग्रे प्रांतात युद्ध पेटलं, अमेरिकेनं मानवी हक्कांचं कारण दिलं आणि १ जानेवारी २०२२ पासून इथिओपियाचं नाव त्या यादीतनं काढलं. शिलाई मशीन तीच, शेड तीच, पगार तोच, फक्त माल परवडंना झाला. सगळ्यात मोठा ब्रँड तर त्याच्या आधीच गाशा गुंडाळून गेला. तेव्हा ज्या सवलतीचं बटन तिसऱ्याच देशाच्या हातात आहे, तीच धरून प्रोजेक्ट रिपोर्ट करायचा, आकडे लई भारी दिसतात.

विजेचं काय? मालक, विजेसाठीच तर आपण घर सोडून निघालो, मग तिथं वीज कशी आहे हे विचारणं शोभत नाही. दक्षिण आफ्रिकेत २०२३ मध्ये लाइट जायचं टाइमटेबल लोकांच्या मोबाइलवर यायचं, किती शिस्त बघा, आपल्याकडं वायरमनला फोन करावा लागतो. आता इंडक्शन फर्नेसमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, मेटल पातळ झालंय आणि पावर गेली तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको, मेटल आतच थिजतं आणि मग भट्टीचं आतलं अस्तर, लायनिंग, फोडत बसायचं. पण ते काम तिथले कामगार करणार, त्यांचा पगार स्वस्त आहे ना, मग झालं तर.

दहा वर्षं टॅक्स माफ, हे वाक्य ऐकलं की लगेच सही. पहिली पाच-सहा वर्षं तसाही नफा होत नाही, म्हणजे जो टॅक्स लागणारच नव्हता तो वाचला, पेढे वाटा.

जमीन बघताना सातबारा मागायचाच. व्हिएतनाममध्ये जमीन कायद्यानं जनतेची, सांभाळायला सरकार, आणि परदेशी कंपनीला मिळतो तो जास्त करून ५० वर्षांपर्यंतचा वापरहक्क, काही ठिकाणी ७०. तुम्ही मात्र "उतारा दाखवा, चतु:सीमा दाखवा" म्हणून अडून बसा, समोरचा दुभाषा रडकुंडीला आला पायजे.

भूमिपूजन मात्र दणक्यात. आयफोन जोडणाऱ्या तैवानच्या फॉक्सकॉननं अमेरिकेत विस्कॉन्सिनला १० अब्ज डॉलर आणि १३,००० नोकऱ्यांचा शब्द दिला होता, २०१८ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प स्वतः सोनेरी फावडं घेऊन माती उकरायला आले. २०२१ मध्ये सुधारित करार झाला, ६७.२ कोटी डॉलर आणि १,४५४ नोकऱ्या. फावड्याचा फोटो तेवढा झकास आलाय. आपण पण दोन बसा भरून पाहुणे न्यायचे, कारखान्याचं बघू नंतर.

सीएला मात्र सगळं झाल्यावर सांगा. आधी सांगितलं की तो परदेशात पैसे गुंतवायला कंपनीच्या नेटवर्थच्या ४०० टक्क्यांची मर्यादा काढतो, दर वर्षी ३१ डिसेंबरच्या आत बाहेरच्या कंपनीचा रिपोर्ट भरायचा म्हणतो, उगाच उत्साहावर पाणी.

आणि बाहेर कसं पडायचं हे तर आत जाताना अजिबात बोलू नये, अपशकुन असतोय. व्हेनेझुएलात २०१७ मध्ये जनरल मोटर्सचा प्लांट तिथल्या यंत्रणेनं ताब्यात घेतला, कंपनीनं गाशा गुंडाळला. रशियात फ्रान्सच्या रेनॉ या गाड्यांच्या कंपनीनं 'लाडा' गाड्या बनवणाऱ्या कंपनीतला ६८ टक्के हिस्सा मे २०२२ मध्ये विकला, किंमत एक रुबल. एक. म्हणजे सुट्टे नसले की किराणावाला जे चॉकलेट हातावर ठेवतो, साधारण तेवढी. पण त्यांनी सहा वर्षांत परत विकत घ्यायचा हक्क तरी लिहून घेतला होता. तुम्हाला तसलं कलम पायजे असेल तर आपल्या वकिलाला सांगून बघा, तोच आपला, गाळ्याच्या भाडेकरारात अजून तुमच्या आजोबांचं नाव ठेवलेला.