जावाच्या ‘एक तारा’ रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. इतरांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. वडिलांची 1968 ची जावा 250 मोटारसायकल तुम्ही आमच्याकडे दुरुस्तीला दिलीत. दिवाळीला देतो म्हटलेली गाडी गुढीपाडव्याला मिळाली. 85 हजार सांगून 1 लाख 30 हजार घेतले. एवढं करून गाडी धूर सोडते, हेडलाइट मिणमिणतो, हँडल आणि हेडलाइटची रिंग जुनीच परत लावली, चेसिस नंबरपाशी रंग नीट मारला नाही. ‘घरातल्या खोलीत काम चालतं, ना बोर्ड ना शोरूम, अशा ठिकाणी कुणी गाडी देऊ नये,’ असंही तुम्ही लिहिलंत.

वडिलांची गाडी आहे, तेव्हा राग येणं साहजिक आहे. पण इथे उत्तर द्यायलाच हवं. जिन्याखाली किंवा कंपाउंडच्या कोपऱ्यात अशी गाडी पडून असलेली बरीच घरं मुंबईत आहेत, आणि ती माणसं हा रिव्ह्यू वाचूनच पुढचं ठरवणार आहेत.

पैशांपासून सुरुवात करतो. गाडी आली तेव्हा किक खाली जात नव्हती. वडील गेल्यापासून ती सोसायटीच्या आवारात निळ्या ताडपत्रीखाली उभी होती. घरच्यांनी काळजीनेच झाकली होती, यात शंका नाही. पण ताडपत्री वरचा पाऊस अडवते आणि जमिनीतून येणारी ओल आत कोंडते. त्यात आपली खारी हवा. या टू-स्ट्रोक इंजिनाला झडप नसते, त्यामुळे पिस्टन जिथे थांबेल त्याप्रमाणे सिलिंडरचं हवा किंवा धूर जाण्याचं कुठलं ना कुठलं तोंड उघडं राहतं. जावाला तर एका सिलिंडरला दोन सायलेन्सर. ओल त्या नळ्यांतून थेट सिलिंडरपर्यंत जाते. म्हणूनच अंदाजपत्रकावर मी ‘इंजिन उघडण्याआधीचा अंदाज’ असं लिहून दिलं होतं आणि तोंडीही सांगितलं होतं.

उघडल्यावर दिसलं ते असं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटल्या होत्या, आणि पिस्टन जिथे इतकी वर्षं थांबला होता तिथे सिलिंडरच्या आत खड्ड्यांचा एक पट्टा पडला होता. एरवी बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कोरून, पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घातला की काम भागतं, फार तर 1 मिलिमीटरपर्यंत जाता येतं. तुमच्या सिलिंडरचे खड्डे त्याहून खोल होते. मग नवा लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आत बसणारी लोखंडी नळी, ठोकून त्याला बोअर करणं हाच मार्ग उरला. क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या वरखाली चालीने गोल फिरणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग गंजले होते, पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या रोलरांना खवले पडले होते. हा क्रँक दाबून बसवलेला असतो. तो प्रेसवर सोडवायचा, नवा रॉड घालायचा, परत दाबायचा आणि मापाची डायल लावून सरळ करायचा. मिलिमीटरच्या काही शतांश भागांपलीकडे फरक राहिला, तर गाडी थरथरते आणि नवे बेअरिंगही थोड्याच काळात खाते. आमचा लेथवाला हे काम घाईत करून देत नाही, आणि म्हणूनच मी ते त्याच्याकडे देतो.

वरचे 45 हजार या कामात गेले. प्रत्येक टप्प्याला तुम्हाला फोटो पाठवले आणि तुमचा होकार आल्यावरच पुढे हात घातला. ते मेसेज मी इथे टाकणार नाही, ते तुमच्याकडे आहेत. काढलेले सगळे जुने पार्ट मी तुम्हाला पिशवीत घालून दिले आहेत. जुना रॉड एकदा हातात घेऊन वरखाली हलवून बघा.

85 हजारांत आणि दिवाळीपर्यंत गाडी देता आली असती का? आली असती. रॉकेल ओतून पिस्टन सोडवायचा, सिलिंडरला पॉलिश पेपर फिरवायचा, रिंगा बदलायच्या आणि उरलेले पैसे रंगावर व क्रोमवर घालायचे. गाडी घेताना तुम्ही खूश झाला असतात. पण असं इंजिन चालत्या गाडीत सीझ झालं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसला, की मागचं चाक जागेवर आवळतं. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर मागून ट्रक येत असताना हे घडलं तर काय होईल, ते मला सांगायची गरज नाही. ज्या गाडीवर माणूस बसणार आहे तिच्यात मी असं काम करत नाही, मग गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

उशिराबद्दल. ‘जावाचं शोरूम आहे, पार्ट तिथे मिळतात’ असं तुम्ही लिहिलंत. 2018 पासून विकली जाणारी जावा वेगळी गाडी आहे. सुरुवातीचं तिचं इंजिन 293 सीसीचं, फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं. तुमच्या इंजिनात त्यातलं काहीही बसत नाही. तुमची गाडी म्हैसूरच्या आयडियल जावाची. तो कारखाना 1961 मध्ये सुरू झाला आणि 1996 मध्ये बंद पडला. आता पार्ट मिळतात ते कुणाच्या माळ्यावरच्या जुन्या स्टॉकमधून, भंगारातून, नाहीतर नकली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आणि चोर बाजारात मी स्वतः जातो, कारण हातात घेतल्याशिवाय माल कळत नाही. तुमच्या गाडीचा किकचा दांडाच पुढे पाडला की गिअरचा दांडा होतो, ही जावाची खासियत. बाजारात मिळणाऱ्या नकली दांड्याचं लोखंड मऊ असतं, त्याचे दाते लवकर झिजतात आणि मग किक सुटून पायावर येते. खरा दांडा मिळेपर्यंत मी थांबलो. तुम्हालाही थांबवलं, पण कारण तेव्हाच सांगितलं होतं.

नंतर पाऊस. पावसाळी हवेत रंग मारला की सुकताना त्यावर पांढरी झाक धरते आणि रंगाखाली ओल अडकते. टाकी आणि मडगार्ड घासून, प्रायमर मारून मी ठेवून दिली आणि ऑक्टोबरचं ऊन पडेपर्यंत मरून रंगाला हात लावला नाही. टाकीच्या बाजूंचं क्रोमही तसंच. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम. खालचे थर नीट बसले नाहीत तर वरचं क्रोम एका पावसाळ्यात पापुद्र्यासारखं सुटतं. टाकीवरच्या रेघा मात्र ब्रशने हाताने ओढल्या आहेत, स्टिकर नाही.

आता धूर, कारण तुमची सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. टू-स्ट्रोक इंजिन पेट्रोलबरोबर ऑइल जाळतं, त्यामुळे थंड इंजिन सुरू करताना निळसर धूर येणारच. दोन-तीन किलोमीटर गेल्यावर तो विरळ व्हायला हवा. नव्याने बांधलेल्या इंजिनात सायलेन्सरमध्ये साचलेलं ऑइलही सुरुवातीला जळतं. तुम्ही टाकलेला व्हिडिओ पार्किंगमधला आहे, गाडी नुकतीच किक मारून सुरू केलेली दिसते.

काळजी करायचा धूर वेगळा. क्रँकच्या डाव्या बाजूला क्लचच्या कप्प्यात गिअर ऑइल असतं आणि मध्ये एक रबरी सील असते. ती सील गेली की इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं. मग गाडी गरम झाली तरी पांढरा दाट धूर थांबत नाही, जळक्या तेलाचा वास येतो आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. दोन्ही बाजूंच्या सील आम्ही नव्या घातल्या आहेत. उजवीकडची गेली तर उलट हवा आत शिरते, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, म्हणून तिथेही हयगय केलेली नाही.

गाडी नेल्यावर एकदा तुम्ही फोनवर म्हणालात की ऑइलचा पाउच अंदाजाने ओतता. कृपया असं करू नका. या गाडीचं पेट्रोल आणि ऑइलचं माप 25 ला 1 आहे, म्हणजे 1 लिटरला 40 मिली. 5 लिटर पेट्रोल भरलं तर 200 मिली. त्याहून जास्त घातलंत तर धूर आणि प्लगवर काजळी, कमी घातलंत तर पिस्टनची वाट. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याने हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणून मी कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचं छिद्र, एक नंबर मोठा बसवला आहे. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवा आणि मगच ठेवा.

हेडलाइट मिणमिणतो कारण गाडी 6 व्होल्टची आहे. 25 वॉटच्या बल्बला 6 व्होल्टवर 4 अँपिअरहून जास्त करंट लागतो, 12 व्होल्टवर त्याच्या निम्मा. करंट जास्त म्हणून गंजलेल्या जोडावर नुकसानही जास्त होतं. आम्ही वायरिंग नवं घातलं, अर्थचे सगळे जोड पत्र्यापर्यंत घासले. 12 व्होल्ट करू का, हे मी विचारलं होतं. तेव्हा तुम्ही ‘ओरिजिनल ठेवा’ म्हणालात आणि मला ते आवडलं. आता विचार बदलला असेल तर करून देतो. जुना डायनामो जपून ठेवा म्हणजे झालं, परत बसवता येतो.

हँडल आणि हेडलाइटची रिंग मी मुद्दाम जुनीच लावली. त्यांच्यावर बारीक डाग आहेत, पण लोखंड शाबूत आहे. बाजारातलं नवं हँडल पातळ नळीचं, वाकही थोडा वेगळा. वडिलांचे हात ज्यावर होते ते हँडल काढून फेकायला माझा हात धजला नाही, आणि मी कुणालाही तसा सल्ला देणार नाही. तरीही नवंच हवं असेल तर लावून देतो, मजुरी घेणार नाही. जुनं मात्र घरी न्या.

चेसिस नंबरवर मी लांबी (पुट्टी) भरली नाही आणि रंगाचा पातळच हात दिला. 15 वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर 5 वर्षांनी वाढवावी लागते, तेव्हा आरटीओत नंबर वाचून बघतात. तो रंगाखाली बुजला किंवा खाडाखोड केल्यासारखा दिसला तर तुमचीच अडचण. तुम्ही व्हिंटेज नोंदणीबद्दलही विचारलं होतं. 2021 च्या नियमाप्रमाणे 50 वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20 हजार. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती यांसाठीच. तुम्हाला रविवारी मरीन ड्राइव्हला जायचं आहे, म्हणून साधी नोंदणीच वाढवा, असं मी म्हटलं होतं आणि आजही तेच म्हणतो.

घरातल्या खोलीबद्दल एवढंच. भांडुपला आमचं बैठं घर आहे, मागच्या खोलीत एका वेळी एकच गाडी खोलली जाते. रंग आणि क्रोम बाहेर होतं, इंजिन माझ्याच हाताखाली. गाडी देण्याआधी कुणीही येऊन बघावं, स्वागत आहे.

येत्या रविवारी सकाळी गाडी टेम्पोत घालून आणा, भाडं मी देतो. घरून सुरू करू नका, मला इंजिन थंडच हवं आहे. आधी तुमच्यासमोर गिअर ऑइलची पातळी बघू, प्लग काढून रंग बघू, टाकीतलं पेट्रोल काढून मोजून नवं मिश्रण भरू. मग तुम्ही चालवा, मी मागे बसतो, पवईपर्यंत जाऊन येऊ. परत आल्यावर धूर तसाच असेल तर इंजिन पुन्हा उघडून सील बदलून देईन, त्याचे पैसे घेणार नाही.